आधी नांगर, मग ट्रॅक्टर

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं नाव अजून गावच्या सातबाऱ्यावर आहे. मग कधीतरी चुलतभावाचा फोन येतो, "दादा, ट्रॅक्टर घ्यायचाय, डाऊनपेमेंटचं बघ ना." आपला पहिला प्रश्न ठरलेला: "किती एचपी?" लॅपटॉप घेताना रॅम विचारावी तसा! माझ्या मते हा प्रश्न तिसरा. पहिला, जमीन कोणती? आणि दुसरा, नांगर कोणता?

भारी काळी जमीन, त्यात हरळी माजलेली, तर पलटी नांगर. तो माती उलटी करतो, मुळ्या आणि किडींचे कोष वर येतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात मरतात. दगडगोटे जास्त असतील तर तव्याचा नांगर. अडथळा आला की तवा त्यावरून फिरत निघून जातो. वर्षानुवर्षं नुसता रोटाव्हेटर मारून खाली टणक थर झाला असेल तर माती न उलटता खोल चिरणारा सबसॉयलर. आणि हलकी, उथळ जमीन असेल तर खोल नांगरून मुरूमच वर येणार, तिथे कल्टिव्हेटर पुरे.

एचपीचा हिशोब यानंतर. दोन फाळांचा पलटी नांगर भारी जमिनीत ओढायला साधारण ४५-५० एचपी लागतात. खोली वाढली की ओढ वाढते, आणि ओढ वाढली की डिझेल.

बरं, नांगर चांगला असून भागत नाही. टॉप लिंक फार आखूड केली तर फाळाचं नाक खाली जातं, नांगर घुसत राहतो आणि चाकं जागीच फिरतात. फार लांब केली तर फाळ मातीत शिरतच नाही. रान फार ओलं असताना घाई केली तर चाकाखाली तळ दाबला जातो, फार सुकू दिलं तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. रब्बी निघाल्यावर थोडी ओल असतानाच नांगरट उरकावी.

आता खरा मुद्दा. तीन एकराची नांगरट म्हणजे एका दिवसाचं काम. त्यासाठी पाच-सात वर्षं हप्ते? तुम्ही म्हणाल, भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर येत नाही. खरंय, सगळ्यांची रानं एकदमच तयार होतात. शिवाय एकरावर पैसे घेणारा घाईत उथळ नांगरून जातो. पण त्यावर उपाय आहे: खोली आधी ठरवा आणि तासात काठी घालून मोजा. घ्यायचाच असेल तर चार घरांनी मिळून घ्या, किंवा भावाला बाहेरची कामं मिळतील का ते आधी बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर आणला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी बिचकत होते. तेव्हा लोखंडावर संशय होता, आता आंधळा विश्वास आहे. दोन्हीत मातीला कुणी विचारत नाही.

असो. पुढचा फोन आला की चेक लिहिण्याआधी एवढंच विचारा: "रान कसलं आहे रे?"