दोन मालक, एक इंजिन

फियाटचे १२४८ सीसीचे मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी उघडलेले आहे. पुण्याजवळ रांजणगावात ते बनत होते आणि परवान्याखाली मानेसरलाही बनत होते. पुंटो, लिनिया, इंडिका व्हिस्टा, मांझा, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा असा बॉनेटवरचा बिल्ला बदलत गेला, टर्बो आणि ट्यूनिंगमध्ये फरक झाले, पण घराणे एकच राहिले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाले, मारुतीने डिझेल सोडले, तरी या गाड्या आजही गॅरेजच्या दारात उभ्या असतात. त्यांच्या मालकांना विचारले तर एक सांगतो, तीन लाख झाले, इंजिनला हात लावावा लागला नाही. दुसरा सांगतो, ऐंशी हजारांतच चेन वाजायला लागली, पुन्हा या इंजिनाचे नाव काढणार नाही. दोघेही खरे बोलत असतात. आपण मात्र त्यातला एक अनुभव उचलतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सल्ला म्हणून देऊन टाकतो. ‘ही गाडी घ्या’ किंवा ‘हिच्या वाटेला जाऊ नका’ हे शब्द आपल्या तोंडून गेले की लोक त्यावर दहा-दहा लाखांचा निर्णय घेतात. त्या शब्दांमागे पुरावा असायला हवा, आणि आज तो नसतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या दोन मालकांमधला फरक कुठून येतो ते इंजिनातच पाहता येते. या इंजिनाचे टायमिंग बेल्टवर नाही, चेनवर आहे, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. संपमध्ये ऑइल मावते साधारण तीन लिटर. डिझेलची काजळी त्या तीन लिटरांत उतरत राहते, ऑइल दाटते, आणि काजळीचे बारीक कण चेनच्या पिना घासत बसतात. चेन लांबते. मग सकाळी पहिल्या सेल्फला टायमिंगच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येते आणि दाब चढला की थांबते. कव्हर काढावे तर टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ शेवटपर्यंत बाहेर आलेला असतो आणि गाइडवर चेनने खाच पाडलेली असते. आता तीन लाखवाली गाडी बहुधा भाड्याची असते. सकाळी एकदा गरम झाली की ती दिवसभर हायवेला एका लयीत पळते, दीड-दोन महिन्यांत तिचे दहा हजार भरतात आणि ऑइल बदलले जाते. ऐंशी हजारवाली घरची असते. शाळा, भाजी मंडई, स्टेशन अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तिचे इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले डिझेल आणि वाफेचे पाणी ऑइलमध्ये मुरत राहते. वर्षाला चार हजारच चालली म्हणून मालक ऑइल दोन-अडीच वर्षे लांबवतो. पुस्तिकेत ‘किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते’ असे छापलेले असते, पण महिन्यांकडे कोणी पाहत नाही. कमी चालवली म्हणजे जपली, ही समजूत घरोघरी आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की ती काही गॅरेजांतही आहे.

यावर अनुभवी मिस्त्री म्हणतील, वीस-पंचवीस वर्षे याच हातांनी गाड्या खोलल्या, आम्हाला कागद काय शिकवणार? त्या हातांबद्दल आम्हाला आदर आहे. कोणता भाग कसा मोडतो हे त्या हातांइतके कोणालाच कळत नाही. पण किती गाड्यांत मोडतो, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर हातांना मिळत नाही. गॅरेजात येते ती बिघडलेली गाडी. न बिघडलेली रस्त्यावर असते. शिवाय जी गाडी गावात जास्त, तीच गॅरेजात जास्त. महिन्यात एकाच मॉडेलच्या सहा गाड्यांचे लोअर आर्म बदलले म्हणून ते मॉडेल कच्चे ठरत नाही. गावात ते सहाशे असतील तर सहा हा किरकोळ आकडा आहे, आणि वीस असतील तर गंभीर. सहा आपल्याला आठवतात. सहाशे की वीस हे आठवणीत कधी नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सगळे खापर वापरावर आणि मालकावर फोडले तर कंपन्या सुटतील, असे काही वाचक म्हणतील. ही भीती रास्त आहे, कारण मुळातच चुकलेली रचना असते आणि ती कितीही निगा राखली तरी त्रास देते. एखाद्या गाडीची वायरिंग लूम धारदार कडेवरून नेली असेल तर ती हायवेला चालवा की गल्लीत, कधीतरी घासणारच. बीएस-६ डिझेलमधल्या डीपीएफचे उदाहरण या दोन टोकांच्या मधले आहे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सुमारे सहाशे अंश तापमान लागते. गाडी सलग पळाली तर ते मिळते. शहरातल्या फेऱ्यांत जाळणे अर्ध्यावर तुटते, त्यासाठी जास्तीचे सोडलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर जाते. मालक समाधानाने सांगतो की गाडी ऑइल अजिबात खात नाही. यात चूक कोणाची? वापर गाडीला न शोभणारा आहे हे खरे, पण रोज सहा किलोमीटर जाणाऱ्या माणसाला ती गाडी विकताना हे कोणी सांगितले नाही, हेही तितकेच खरे. रचनेचा दोष, वापराचा दोष आणि विकणाऱ्याचे मौन वेगळे काढायचे तर नोंद हाच मार्ग आहे. हायवेच्या आणि गल्लीच्या, वेळेवर ऑइल बदललेल्या आणि न बदललेल्या, अशा सगळ्या गाड्यांत एकच भाग एकाच सुमारास जात असेल तर कंपनीला पळवाट उरत नाही. नोंद नसली तर ‘तुम्ही गाडी नीट वापरली नाही’ हे तिचे उत्तर खोडायला आपल्याकडे काही नसते.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची आहे, आणि प्रत्येक तपासणीत रीडिंग नोंदले जाते. गाडीचा नंबर टाकला की तो इतिहास कोणालाही पाहता येतो. जर्मनीत अशाच सक्तीच्या तपासण्यांवरून मॉडेलवार अहवाल निघतो. आपल्याकडे खासगी गाडीची फिटनेस तपासणी पहिल्यांदा होते ती १५ वर्षांनी, नोंदणीचे नूतनीकरण करताना. मधल्या काळात पीयूसी फक्त धूर पाहते. म्हणजे या १५ वर्षांत गाडीला काय काय झाले याचा पुरावा कुठे असेल तर तो आपल्या जॉबकार्डांत, आणि त्यावर बहुतेक वेळा ‘सर्व्हिस, आवाज बघणे’ एवढेच लिहिलेले असते.

वेळ कोणाला आहे, हा प्रश्न येणारच. गर्दीच्या सकाळी पाच गाड्या रांगेत असताना निबंध लिहा असे आम्ही म्हणत नाही. चार गोष्टी पुरेत: रीडिंग, मागचे ऑइल कधी बदलले, रोजचे रनिंग कसले, आणि गेलेला भाग कंपनीचा मूळचा होता की बाहेरून बसवलेला. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. रीडिंग मागे फिरवलेले असू शकते हे मान्य, पण ती लबाडी पकडायचीही एकच रीत आहे: मागच्या कार्डावरचा आकडा.

सुरुवात याच इंजिनापासून करू. १.३ डिझेलची चेन किंवा टेन्शनर बदलला असेल तर या चार गोष्टी आणि गाडीचे मॉडेल व वर्ष लिहून आमच्याकडे पाठवा. मालकाचे नाव किंवा गाडीचा नंबर नको. ज्या गाड्या दोन लाखांच्या पुढे गेल्या आणि चेन अजून शाबूत आहे, त्यांच्याही नोंदी पाठवा. त्या गाड्या कामासाठी येत नाहीत, ऑइल बदलायला येतात आणि वीस मिनिटांत जातात. तेवढ्यात कार्ड भरून घ्यावे लागेल.