गिझर मालकाचा, श्वास भाडेकरूचा

भाड्याचं घर बघताना आपण काय काय बघतो? पार्किंग, पाण्याची वेळ, मोबाईलला रेंज, ऑफिसची बस कुठे थांबते. बॅचलर असाल तर सोसायटीवाले त्रास देतात का, हेही. बाथरूममध्ये डोकावून मात्र फक्त "गिझर आहे ना?" एवढंच विचारतो. एजंट म्हणतो, "आहे ना सर, गॅसचा आहे. लाइट बिलाचं टेन्शनच नाही." आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं की विषय खरं तर तिथे सुरू व्हायला हवा.

गेल्या काही वर्षांत पुण्यात मी चार भाड्याची घरं बदलली. चारपैकी तीन घरांत गॅस गिझर होता, आणि तिन्ही ठिकाणी तो थेट बाथरूमच्या आत, शॉवरच्या बाजूच्या भिंतीवर. का, ते समजायला फार डोकं लागत नाही. गॅस गिझर चार-पाच हजारांत येतो, त्याला दोन सेल पुरतात, वायरिंगला हात लावावा लागत नाही. विजेचा बरा स्टोरेज गिझर घ्यायचा तर सहा-आठ हजार, वर पॉवर पॉइंट, जाड वायर, अर्थिंग. मालकाच्या खिशाला गॅस परवडतो. अंघोळ मात्र मालक करत नाही!

अर्थशास्त्रात या भानगडीला भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत सांगायचं तर वस्तू निवडणारा एक आणि तिचे परिणाम भोगणारा दुसरा. गंमत म्हणजे केंद्र सरकारने २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला, त्यातल्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. वायरिंग मालकाकडे आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे! हा फक्त नमुना आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू, हे मान्य. पण प्रथा कुठल्या दिशेची आहे ते त्यातून कळतं. कुठला गिझर बसवायचा ते मालक ठरवणार आणि सांभाळायचा आपण.

"पण गॅस स्वस्त पडतो ना राव!" असं तुम्ही म्हणाल. पडतो. किती, ते बघू. इंजिनिअरिंगची चार वर्षं अशा वेळी तरी कामाला यावीत.

वीस लिटरची एक बादली. नळाचं पाणी २० अंश, अंघोळीचं ४०. म्हणजे ४०० किलोकॅलरी उष्णता लागणार. विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. टाकीतून होणारी थोडी गळती धरून बादलीला अर्धं युनिट पकडा. आता गॅस. एक किलो एलपीजीतून साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात, घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, आणि गिझरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर एका सिलिंडरमध्ये सुमारे ३१० बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांचा धरला तर बादलीला २ रुपये ९० पैसे. विजेचा दर सगळे आकार धरून १० रुपये युनिट असेल तर बादली ५ रुपयांना, १२ रुपये असेल तर ६ रुपयांना.

म्हणजे फरक बादलीमागे दोन-तीन रुपयांचा. घरात दोघं, रोज एकेक बादली, तर महिन्याला सव्वाशे ते एकशे नव्वद रुपये. तुमचे दर वेगळे असतील तर आकडे बदलून बघा, पण चित्र फारसं बदलत नाही. आणि हे गणित सिलिंडर घरगुती दरात मिळतो असं धरून आहे. नव्या शहरात आलेल्या अनेक भाडेकरूंकडे स्वतःच्या नावाचं कनेक्शनच नसतं. ते पाच किलोचा छोटा सिलिंडर खुल्या दराने घेतात, आणि तो किलोमागे महाग पडतो. तिथे गॅसचा फायदा अजून आटतो.

आता या दीड-पावणेदोनशे रुपयांच्या बदल्यात आपण काय पत्करतो?

एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण बारा-तेरा घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला जवळपास एक किलो गॅस खातो. आपली फ्लॅटमधली बाथरूम चार बाय सहा फुटांची, उंची आठ फूट धरा. आत मावते जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. दहा मिनिटं गिझर चालला की दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. म्हणजे खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त! बाहेरून हवा येत असेल तर भरपाई होते. पण हिवाळ्यात आपण काय करतो? दार बंद, कडी लावलेली, काचेच्या पट्ट्या मिटलेल्या. काही ठिकाणी तर थंडी वाजते म्हणून खिडकीला पुठ्ठा.

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ताकदीने चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. इथेच लोक फसतात. "वास येत नाहीये, म्हणजे लीक नाही" हे आपलं शहाणपण सिलिंडरच्या बाबतीत बरोबर आहे, कारण एलपीजीला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. पण इथे गॅस लीक झालेलाच नसतो, तो जळत असतो, आणि त्यासोबत वासही जळून जातो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटके पडतात. माणूस म्हणतो, पित्त झालं असेल. मग खाली बसतो. आणि कडी आतून लावलेली असते.

मार्च २०२३ मध्ये धुळवड खेळून आलेलं एक जोडपं घाटकोपरच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. तेव्हा बातम्यांतून गॅस गिझरच्या वायूचाच संशय व्यक्त झाला होता. हिवाळ्यात अशा बातम्या अधूनमधून येतच राहतात. आपण वाचतो, चुकचुकतो आणि पान उलटतो.

आपल्या आज्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण तांब्याच्या बंबाला मधोमध धुराडं असायचं आणि बंब पेटायचा तो बहुतेक परसात किंवा मोरीबाहेर. विस्तव आणि अंघोळ करणारा माणूस एका बंद खोलीत ठेवायचे नाहीत, हे त्यांना न शिकता कळत होतं. आपण धुराडं काढून टाकलं, विस्तव भिंतीवर टांगला आणि त्याला 'इन्स्टंट' म्हणू लागलो.

विजेचा गिझर म्हणजे देवदूत असं मात्र मी म्हणत नाही. अर्थिंग नसलेल्या घरात तोही जीव घेऊ शकतो. जुन्या इमारतींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. दोन किलोवॉटचा गिझर जवळपास नऊ अँपिअर खेचतो, तो पंख्याच्या पॉइंटवर चालवायची वस्तू नाही. बादलीत टाकायच्या हीटिंग रॉडबद्दल तर बोलायलाच नको. बोअरवेलचं जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात. शिवाय तीन किलोवॉटच्या इन्स्टंट गिझरला तीच बादली भरायला नऊ मिनिटं लागतात, तिथे गॅसवाला तीन-चार मिनिटांत मोकळा करतो. सकाळी आठच्या कॉलला बसायचं असेल तर हा फरक जाणवतो.

पण दोन धोक्यांत एक मोठा फरक आहे. विजेच्या धोक्यावर बंदोबस्त बसवता येतो. खरं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर करंट गळताक्षणी तो पुरवठा तोडतो. तुम्ही झोपेत असा, घाईत असा, पाहुणा असा, त्याला फरक पडत नाही. (नुसता एमसीबी हे काम करत नाही, तो वायरिंग वाचवतो, माणूस नाही.) बाथरूममधल्या गॅस गिझरची सुरक्षितता मात्र रोज कुणीतरी खिडकी उघडण्यावर अवलंबून असते. काही मॉडेल्समध्ये ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. पण मागच्या तीन भाडेकरूंनी वापरलेल्या गिझरमध्ये तो आहे का आणि चालतो का, हे सांगणार कोण? आमच्या धंद्यात सांगतात, ज्या सिस्टीमची सुरक्षितता युजरच्या लक्षात राहण्यावर टिकून आहे, ती सुरक्षित नाही. हेच तत्त्व बाथरूमला लावा.

म्हणून माझं मत सरळ आहे. भाड्याच्या घरात बाथरूमच्या आत गॅस गिझर नको. मग तो सिलिंडरवर चालो की पाइपच्या गॅसवर, ज्वलन तेच आहे. घरात सहा माणसं असतील, बिल झेपत नसेल, तर गॅस जरूर वापरा, पण गिझर ड्राय बाल्कनीत उघड्या हवेवर आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. दोन-तीन माणसांच्या घरात विजेचा स्टोरेज गिझर घ्यावा.

मालकाशी हे बोलायची वेळ टोकन देण्याआधीची. "काका, गिझर बाल्कनीत हलवून द्या, नाहीतर विजेचा बसवू" एवढंच म्हणायचं. खर्चाचं रडगाणं आलं तर सांगायचं, गिझर मी माझा आणतो, तुम्ही पॉइंट, अर्थिंग आणि आरसीसीबी करून द्या. सोडताना गिझर मी नेईन, वायरिंग तुमच्याच घरात राहील. बऱ्याच मालकांना हा सौदा पटतो, कारण त्यात त्यांच्या घराची किंमतच वाढते. आणि ठरलं ते करारात लिहून घ्यायचं. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये भिंतीला खिळे ठोकण्यावर आख्खं कलम असतं, मग गिझरवर एक ओळ मावायला काहीच हरकत नसावी.

एजंट नाक मुरडेल, पुढचा फ्लॅट दाखवतो म्हणेल. दाखवू दे. तिथेही आधी बाथरूमच बघा. आणि सध्या तुमच्याकडे बाथरूममध्ये गॅस गिझर असेल, तर निदान उद्यापासून बादली आधी भरून घ्या, गिझर बंद करा, दार दोन मिनिटं उघडं ठेवा आणि मगच आत जाऊन कडी लावा. याला एक पैसाही लागत नाही.