एक लाखाचा दंड
वृत्तवाहिन्या सत्तेची तळी उचलून धरतात, ही तक्रार आता नाक्यानाक्यावर ऐकू येते, आणि ती खरी आहे. त्यावरचं उत्तर ठरलेलं: रिमोट हातात आहे, वाहिनी बदला! पण सरकारी जाहिरातींचे पैसे वाहिनी बदलणाऱ्याच्याही करातूनच जातात, त्याचं काय? बरं, वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे जावं, तर तिथला कमाल दंड 2008मध्ये ठरला तो एक लाख रुपये. त्यात प्राइमटाइमची जाहिरात किती सेकंद चालेल, हिशेब तुम्हीच करा. ऑगस्ट 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही रक्कम परिणामशून्य असल्याचं सुनावलं. मग सरकारनेच छडी उगारावी? मुळीच नको. केरळच्या ‘मीडियावन’ वाहिनीची परवानगी केंद्राने 2022मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली अडवली, न्यायालयाला कारणं दिली ती बंद लिफाफ्यात. एप्रिल 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. ज्याच्या बाजूने झुकल्याची तक्रार, त्यालाच पंच कसं नेमायचं? दंड उलाढालीच्या टक्क्यांत हवा, तो ठरवणारी संस्था सरकार आणि मालक दोघांपासून स्वतंत्र हवी, आणि कोणत्या वाहिनीला किती सरकारी जाहिराती मिळाल्या, ते तिच्याच पडद्यावर, बातम्यांखालच्या पट्टीत रोज दिसलं पाहिजे.