दोघांना एक खोली

आम्ही दोघे फिरायला निघालो आहोत असे सांगितले की मोहल्ल्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठल्या दर्ग्याला? दर्ग्याला नाही म्हटले की दुसरा येतो : कुणाची शादी आहे? शादीही नाही म्हटल्यावर आवाज खाली येतो आणि विचारले जाते : मग कोण बीमार आहे? त्यापुढचा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, चेहऱ्याने विचारतात. जियारत, शादी, बीमारी आणि मैयत. नवरा-बायकोने मिळून गाव सोडण्याचे पाचवे कारण आमच्या लोकांच्या हिशेबातच नाही. (कोर्टाची तारीख हे एक आहे, पण ती नवरा-बायकोला मिळून पडत असेल तर तो विषय निराळा.)

आम्ही बार्शीचे. आमच्यातला एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, आमच्यातली एक घरी शिलाईकाम करते. लग्नाला बावीस वर्षे झाली. त्यातली पहिली सोळा वर्षे आम्हीही याच चार कारणांनी बाहेर पडलो. गेल्या सहा वर्षांत मात्र वर्षातून एकदा, काही कारण नसताना, तीन-चार दिवस दोघेच जातो. गेल्या हिवाळ्यात सोलापूरमार्गे विजापूर आणि गुलबर्गा केले. 2014 पासून कागदोपत्री ही गावे विजयपुरा आणि कलबुर्गी झाली आहेत, आमच्या तोंडी जुनीच नावे बसली आहेत.

आधी पैशाची सबब निकालात काढू, कारण ती सगळ्यांत आधी पुढे केली जाते. 'गुरुजी, तुमचं बरं आहे, पगार आहे.' तीन दिवस, दोन रात्री, प्रवास, खोल्या, खाणे, तिकिटे, वर एक सोलापुरी चादर. दोघांचे मिळून चार हजारांच्या आत भागले. 2023 पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे, म्हणजे सोलापूरपर्यंत आम्ही दोघे दीड तिकिटात पोचलो. पुढे गदगच्या लोहमार्गावरची गाडी, तिचे भाडे एसटीहून कमी. कर्नाटकाच्या बसमध्ये तिथल्या बायका फुकट बसतात. आमच्या आधारवर महाराष्ट्र असल्यामुळे आम्हाला दोन पूर्ण तिकिटे पडली, आणि शेजारच्या बाईंनी त्याबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली. हे चार हजार ज्यांना जास्त वाटतात त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरी मागच्या वर्षी वलीम्याची पाचशे पाने उठली आहेत. मुलाच्या सुंतेला मंडप घातला आहे. तेव्हा पैसा नाही असे नाही, तो लोकांना दाखवण्यासाठी आहे. दोघांनी मिळून काही पाहण्यासाठी खर्च केलेला पैसा कुणाला दिसत नाही, म्हणून तो 'उडवलेला' ठरतो. ज्यांच्याकडे खरेच दोन वेळची भ्रांत आहे त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही, आणि तेही कधी आम्हाला हा उपदेश करत नाहीत.

दुसरी सबब दीनची. ही अधिक गंभीर, म्हणून तिच्याशी गंभीरपणेच बोलले पाहिजे. जमिनीवर फिरा आणि पाहा, असे कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. सूरह अनकबूतमध्ये तर सृष्टीची सुरुवात कशी झाली ते पाहण्यासाठी फिरा, असा त्याचा आशय आहे. मुसाफिराची चार रकात नमाज दोन होते, रमजानचा रोजा पुढे ढकलता येतो, जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांवर खर्च करायची त्यात वाटेतला मुसाफिर आहे. ज्या दीनने मुसाफिराची इतकी काळजी घेतली, त्या दीनच्या नावाने घरात बसण्याचा उपदेश कोण करतो? यावर उत्तर येते : 'पुरुषांचं ठीक आहे, पण बाईमाणसाला कशाला?' तर आमच्यातली एक काही एकटी निघालेली नाही. ज्याच्या सोबतीची अट सांगितली जाते तो नवराच पिशवी घेऊन शेजारी उभा आहे. मग अडते कुठे?

पैगंबर (स.) सफरीला निघताना कोणती बीवी सोबत येणार यासाठी चिठ्ठ्या टाकत. हदीसमध्ये आहे की एका सफरीत त्यांनी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली. त्या जिंकल्या. पुढे काही काळाने, त्यांचे वजन वाढल्यावर, पुन्हा शर्यत झाली आणि तेव्हा पैगंबर जिंकले व हसून म्हणाले की मागची फेड झाली. ही हदीस आमच्या गावच्या बयानात आम्ही आजवर ऐकलेली नाही. नवऱ्याच्या हक्काच्या हदीसा मात्र पाठ झाल्या आहेत. चौदाशे वर्षांपूर्वी वाळवंटात जे घडले ते आज गोलघुमटाच्या बागेत घडले तर लोक काय म्हणतील, याची भीती आम्हाला का वाटावी?

विजापूरला स्टेशनातून बाहेर पडले की घुमट समोरच. महंमद आदिलशाह 1656 मध्ये वारला, तो इथे दफन आहे. बाहेरून सुमारे 44 मीटर व्यासाचा हा घुमट आतून एकाही खांबाच्या आधाराशिवाय उभा आहे. वरच्या सज्जात एका टोकाला भिंतीशी कुजबुजले की समोरच्या टोकाला ऐकू येते. सहलीची पोरे ओरडून ओरडून ती जादू मारतात, म्हणून सकाळी दार उघडताच जावे. आम्ही गेलो तेव्हा सात-आठ माणसे होती. एकाने या टोकाहून विचारले, 'पाय दुखतात का?' तिकडून आले, 'दुखतात, पण उतरायचं नाही इतक्यात.' घरात बावीस वर्षे एका भिंतीआड राहून इतके स्पष्ट ऐकू आले नव्हते. इब्राहीम रोजा त्याहून सुंदर. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाने तो आपल्या राणीसाठी, ताज सुलतानासाठी, बांधायला घेतला असे सांगतात. 1627 मध्ये तोच आधी गेला आणि आज दोघेही तिथेच आहेत. आणि गावाबाहेर साठ कबर. अफजलखान 1659 च्या मोहिमेवर निघाला तेव्हा आपण परत येणार नाही या भविष्यवाणीवरून त्याने आपल्या बायका मारून तिथे पुरल्या, अशी दंतकथा आहे. खरे-खोटे इतिहासकार ठरवोत. आम्ही त्या रांगांमधून चाललो आणि आम्हाला आमचा मोहल्ला आठवला. आपण सफरीवर निघताना बायकोचे काय करायचे, हा प्रश्न इतका जुना आहे तर.

तिसरी सबब खाण्याची. 'बाहेर हलाल मिळतं का?' म्हणून आमचे एक नातेवाईक दोन दिवसांच्या प्रवासात केळी आणि बिस्किटांवर राहिले आणि परत येऊन त्या गावाला नावे ठेवत होते. अहो, विजापुरात गल्लोगल्ली लिंगायत खानावळी आहेत. ज्वारीची कडक भाकरी, भरल्या वांग्याची एण्णेगाई, शेंगाचटणी, दही, कच्चा कांदा. मांसाचा मागमूस नाही, मग हलाल-हरामचा प्रश्न कुठून आला? आणि हे खाणे काही परके नाही. सोलापुरातली आमची नानी हेच खात होती, फक्त एण्णेगाईला भरले वांगे म्हणत होती. संध्याकाळी गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी. गुलबर्ग्याला सकाळी तहारी : भात आणि गोश्त एकत्र शिजवलेले, सकाळच्या न्याहारीला. आठच्या सुमारास देगचीचा तळ दिसू लागतो, तेव्हा उशिरा उठणाऱ्यांनी तक्रार करू नये. ख्वाजा बंदानवाजांच्या उरुसाला आमच्या ओळखीचे कितीतरी लोक दरवर्षी जातात. पण किल्ल्यातली 1367 ची जामा मशीद, जिला उघडे अंगणच नाही, सगळी छताखाली, ती पाहिलेला त्यांच्यात एकही आम्हाला अजून भेटलेला नाही.

खाण्याच्या बाबतीत आमचे खरे भांडण आपल्याच हॉटेलवाल्यांशी आहे. बिर्याणीच्या हॉटेलात रस्त्याकडची जागा, पंखा, उजेड, हात धुण्याचे बेसिन पुरुषांना; आणि 'फॅमिली'ला मागे मळका पडदा लावलेली खोकी, जिथे शेजारी मोरी आणि वर झिरो बल्ब. ताटात काय आहे ते चाचपून पाहावे लागते. पैसे तेच घेता ना? मग ही इज्जत आहे की अडगळ? आमच्यातली एक आता पुढेच बसते. वेटर दोनदा सांगतो, 'अंदर जाओ आपा, फॅमिली रूम है.' आम्ही सांगतो, आम्हाला रस्ता बघायचा आहे. गाड्यावर उभे राहून बुरख्यातली बाई भजी खाते याचे आपल्याच लोकांना जे आश्चर्य वाटते, ते इतरांना वाटताना आम्ही पाहिलेले नाही.

आता खोली. दोन वर्षांपूर्वी आपल्याच राज्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी रात्री साडेआठला उतरलो. स्टँडजवळच्या लॉजवर काउंटरचा माणूस छान मराठीत बोलत होता. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, चहा खाली मिळेल, दुसऱ्या मजल्यावरची द्या का, हवा चांगली येते. आम्ही आधार पुढे केले. नाव वाचले आणि त्याच्या मराठीची हिंदी झाली. 'सॉरी, फुल हो गया है.' त्याच्या पाठीमागे फळीवर किल्ल्या लटकत होत्या. आम्ही मोजल्या, नऊ. आयुष्यभर मराठी शिकवणाऱ्या माणसाला हिंदीत नकार मिळतो तेव्हा त्याला नुसती खोली नाकारलेली नसते. आम्ही त्याला संविधानाचा अनुच्छेद 15 सांगितला : दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही मज्जाव करता येत नाही. तो म्हणाला, मालिक से पूछना पडेगा. मालक फोन उचलत नव्हते.

म्हणून आपल्या माणसाच्या लॉजवर गेलो. दारावर सातशे श्याऐंशी, आत अत्तराचा वास. तिथे अडचण दुसरीच. आमच्यातलीच्या आधारवर तिच्या वडिलांचे नाव आहे. आपल्यात बाईने लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे नाही, आणि ही आपल्या दीनची चांगली गोष्ट आहे असे बयानात नेहमी ऐकतो. इथे त्या चांगल्या गोष्टीचा गुन्हा झाला. 'कशावरून मियाँ-बीवी?' आम्ही निकाहनामा काढला. तो उर्दूत. भाईजानांना उर्दू वाचता येईना. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, खालचा शिक्का पाहिला आणि म्हणाले, 'आजकल का माहौल खराब है, लेडीज लोगां को लेके हम रिस्क नहीं लेते.' ती समोर उभी, डोक्यावर पदर, बावीस वर्षांची गृहिणी, आणि तिच्याकडे न पाहता तिच्याबद्दल हे बोलणे चालले होते. 2019 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की अविवाहित जोडप्यानेसुद्धा हॉटेलच्या खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही. मग लग्न झालेल्यांनी कागद का दाखवायचे? पहिल्याने आमचे नाव वाचून दार लावले, दुसऱ्याने आमच्या बाईकडे बघून. रात्री दहाला दोन्हींचा परिणाम सारखाच होता : आम्ही पिशव्या घेऊन फुटपाथवर.

तिसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईंनी रजिस्टर पुढे सरकवले, सही घेतली आणि विचारले, जेवलात का? जेवलो नव्हतो.

सराय, मुसाफिरखाना हे शब्द आपले लोक मोठ्या अभिमानाने उच्चारतात. शेरशाहाने सोळाव्या शतकात सडकेवर सराया बांधल्या, त्यात हिंदू-मुसलमान दोघांच्या उतरण्याची सोय होती, हे आम्ही चौथीच्या मुलांना सांगतो. जलशात, मुशायऱ्यात त्याचे दाखले देणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच की तुमच्यापैकी ज्यांची लॉजे आहेत, हॉटेले आहेत, त्यांनी आधी आपल्या काउंटरवर बसलेल्या पोराला समजवा. बाईला नाव तिच्या तोंडून विचारा. फॅमिली रूमचा पडदा धुवा, नाहीतर काढून टाका. पहिल्या लॉजवाल्याशी आमचे भांडण चालूच आहे. त्याच्याबद्दल आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली, उत्तर अजून आलेले नाही. पण त्या भांडणात उभे राहताना आपल्या भाईजानांचे काउंटर आमच्या पाठीशी असावे, ही अपेक्षा फार आहे का?

विजापूरहून आल्यावर आठ दिवसांनी शेजारच्या भाभी ब्लाउजचे माप द्यायला आल्या. माप देऊन झाले तरी उठेनात. मग हळूच विचारले, खोलीला किती पडले, संडास आत होता का बाहेर, आणि 'ह्यांना' नेमके काय सांगायचे. आम्ही गाडीची वेळ आणि खानावळीची खूण लिहून दिली. काय सांगायचे ते मात्र आम्हाला लिहून देता आले नाही. तीन पर्याय काढले, तिन्ही खोडले. भाभी म्हणाल्या, दर्ग्याचंच सांगते.

या डिसेंबरात बिदरला जायचे आहे. महमूद गवानचा 1472 चा मदरसा पाहायचा आहे, बिदरीकाम करणारे कारागीर चांदीची तार कशी बसवतात ते बघायचे आहे. पिशवीत काय घ्यायचे याची यादी भिंतीवर लावली आहे. निकाहनामा तीत नाही.