आधी हवा, मग मीटर

कात्रजच्या तलावातून पुण्याला पाणी आणणारा नळ नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास बांधून घेतला. पंप नव्हता, वीज नव्हती. केवळ उताराच्या बळावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि काळा हौद, बदामी हौद अशा पेठांतल्या हौदांपर्यंत पोचत असे. या नळाच्या वाटेवर जागोजागी उंच, चौकोनी उच्छ्वास उभारलेले होते. आत कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे. पाण्याबरोबर हवाही चालते, हे त्या कारागिरांनी नीट ओळखले होते आणि या उच्छ्वासांना नावही त्यावरूनच मिळाले.

आज आपण बंद, दाबाच्या वाहिन्या टाकतो आणि त्यांवर उत्तम मीटर बसवतो. हवेचा विचार मात्र बहुतेकदा तक्रार आल्यावर करतो. पाणी मोजण्याच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने हा क्रम उलटा करावा, असे आम्हाला मनापासून वाटते.

पाणी ठरावीक तासच सोडले जाते तिथे वाहिनी रोज रिकामी होते आणि रोज भरते. भरताना पाण्याच्या पुढे हवेचा लोंढा धावतो. घरगुती मीटरमधला पंखा त्या हवेनेही फिरतो. पाणी कोणते आणि हवा कोणती, हे त्याला कळत नाही. टेकडीच्या कडेच्या उंचसखल वस्तीत तर हवा शेंड्यावर साचून राहते. ‘मीटर पळतो’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. आपण मीटर काढून चाचणी-बाकावर लावतो, तो आयएस ७७९ या मानकाच्या मर्यादेत बसतो आणि आपण तक्रार निकाली काढतो. पण बाकावरचा नळ पाण्याने पूर्ण भरलेला असतो. तिथे दोष सापडणारच नाही, कारण तो मीटरमध्ये नसून वाहिनीत आहे.

महागडे मीटर घेऊनही यातून सुटका होत नाही. विद्युतचुंबकीय मीटर मोजतो तो वेग. त्याला नळाच्या पूर्ण छेदाने गुणून तो प्रवाह सांगतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळात सेकंदाला १ मीटर वेग असेल, तर प्रवाह सेकंदाला सुमारे १७.७ लिटर. नळ अर्धाच भरलेला असेल तर त्याच वेगाला खरा प्रवाह निम्मा राहतो, गुणाकार मात्र पूर्ण छेदाशीच होतो. अल्ट्रासॉनिक मीटरची अडचण वेगळी आहे: बुडबुडे ध्वनिलहरी विखुरतात आणि संकेत तुटतो. विद्युतचुंबकीय मीटरमागचेच तत्त्व घेऊन फॅरेडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलाशी थेम्सच्या प्रवाहातून विद्युतदाब मिळतो का, हे पाहिले होते. तत्त्व बरोबर होते, पण त्या परिस्थितीत त्याला खात्रीचे मोजमाप मिळाले नाही. उपकरणाइतकीच जागाही महत्त्वाची असते.

म्हणून आधी जागा निवडावी. पाणी खालून वर चढते अशा उभ्या नळात, किंवा वाहिनी कायम भरलेली राहते अशा सखल भागात मीटर असावा. शेंड्यावर नको, मोकळ्या टोकाकडे उतरणाऱ्या नळातही नको. प्रवाहाच्या वरच्या अंगाला जो उंचवटा असेल त्यावर एअर व्हॉल्व्ह हवा, आणि तो चालू हवा. गाळाने अडकलेला व्हॉल्व्ह नसल्यातच जमा. बेंड आणि अर्धवट उघडा व्हॉल्व्ह यांच्यापासून उत्पादकाने सांगितलेले सरळ अंतर सोडावे. ऑरिफिस प्लेट असेल तर त्याबाबत अधिक काटेकोर राहावे.

मग पडताळणी. त्यासाठी दर वेळी प्रयोगशाळा लागत नाही. ३ मीटर बाय २ मीटरच्या टाकीत पाणी १ सेंटीमीटर चढले, की ६० लिटर आले. उपसा बंद ठेवून, मोजपट्टी आणि घड्याळ घेऊन अर्धा तास थांबले, तर मीटरचा खरेखोटेपणा समजतो. १९१६ पासूनची परंपरा असलेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात करंट मीटरचे कॅलिब्रेशनही अशाच सरळ विचारावर चालते: पाणी स्थिर ठेवायचे आणि ट्रॉलीला लावलेला मीटर ठरलेल्या वेगाने त्यातून ओढायचा. अज्ञात गोष्ट ज्ञात गोष्टीशी ताडून पाहायची, एवढेच.

कालव्यांनाही हेच लागू आहे. पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी द्यावे, असे महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याने ठरवले. त्यासाठी वितरिकांवर स्टँडिंग वेव्ह फ्लूम आहेत. पण खालच्या बाजूचे पाणी फुगून फ्लूममधली पाण्याची उसळी बुडाली, किंवा गाळाने तळ उचलला गेला, तर पट्टीवरची उंची आणि कोष्टकातला प्रवाह यांचे नाते तुटते. मग त्या आकड्यावर केलेली आकारणी शेतकऱ्याने का मान्य करावी?

आमची सूचना छोटी आहे. प्रत्येक मीटरच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा: ‘रीडिंगच्या वेळी नळ पूर्ण भरलेला होता का?’ होता, नव्हता, की पाहता आले नाही, जे असेल ते प्रामाणिकपणे लिहा. वर्षभरात कोणत्या जागा चुकल्या आहेत ते याच रकान्यातून दिसेल. आपल्या आकड्यावर कोणाचे तरी बिल निघते, कोणाच्या तरी वाट्याचे पाणी ठरते. तो आकडा पाण्याचाच आहे, याची खात्री करून घेणे हे आपले पहिले काम आहे.

— संपादक