पर्समध्ये मावणारे रिव्हॉल्व्हर
(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या आंतरवर्गीय वादविवाद स्पर्धेचा विषय होता ‘आजच्या स्त्रीने शस्त्र बाळगावे’. अनुकूल बाजूने बोलणाऱ्या चार वक्त्यांपैकी तिघांनी ‘पर्समध्ये लिपस्टिक नको, पिस्तूल हवे’ हे वाक्य म्हटले आणि तिन्ही वेळा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. (आमच्या वर्गातल्या बहुतेकींच्या पिशवीत जेवणाचा डबा, दोन वह्या आणि एसटीचा पास असतो. लिपस्टिकची चौकशी करावी लागेल.) टाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु कोणते पिस्तूल, किती वजनाचे, त्यात काडतूस कोणते, ते कोणाला मिळते आणि मिळाले तरी वेळेवर हाती येते काय, याविषयी दोन्ही बाजूंपैकी कोणीही एक अक्षर बोलले नाही. बाजारातून वांगी घेतानासुद्धा आपण देठ पाहून घेतो. मग जी वस्तू आपण एकमेकींच्या पिशवीत घालायला निघालो आहोत, ती निदान उलटीपालटी करून पाहायला नको काय?

आपल्या देशात या कल्पनेला खरोखरच धातूचे रूप मिळालेले आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत धावत्या बसमध्ये एका विद्यार्थिनीवर सहा जणांनी अमानुष अत्याचार केला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. नाव ‘निर्भीक’. पॉइंट ३२ बोअर, सहा काडतुसे, टायटॅनियमच्या मिश्रधातूची घडण, वजन ५०० ग्रॅम आणि ठेवायला दागिन्यांसारखी पेटी. किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने ‘निडर’ नावाचे, याच्याही निम्म्या वजनाचे पॉइंट २२ रिव्हॉल्व्हर तयार केले. नावे चांगली आहेत. मुलींचा कैवार घेऊन दुकानाने दागिन्यांची पेटी का द्यावी, हे मात्र मला कळलेले नाही.

अशी निवड करताना पहिला मोह हलकेपणाचा होतो. खांद्याला ओझे नको, बाहेरून फुगवटा दिसायला नको. परंतु गोळी जितक्या जोराने पुढे जाते तितकाच धक्का हत्याराला मागे बसतो, हा न्यूटनचा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकला आहे. हत्यार हलके असले की तो धक्का मनगटावर येतो. म्हणून अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर बाळगायला सोपे आणि चालवायला अवघड. शिवाय नळी आखूड, त्यामुळे नेम धरण्याच्या पुढच्यामागच्या खुणा एकमेकींच्या जवळ येतात. हात तांदळाच्या दाण्याएवढा हलला तरी दहा मीटरवर गोळी हातभर बाजूला जाते.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्या प्रकारात पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि काडतूस मात्र पॉइंट २२ चे, अगदी लहान. म्हणजे ज्यांनी आयुष्याची वर्षे या विद्येला दिली त्यांच्या हाती जड हत्यार आणि सौम्य काडतूस. आणि जिने कधी चाप ओढला नाही, तिच्या हाती हलके हत्यार आणि त्याहून जोरदार काडतूस! मी एन.सी.सी.त आहे. शिबिरात आम्हांला पॉइंट २२ रायफलीच्या पाच गोळ्या झाडायला मिळाल्या, त्याही पालथे पडून, कोपरे जमिनीत रोवून, शेजारी हवालदारसाहेब ‘श्वास रोखा’ म्हणून सांगत असताना. माझ्या तीन गोळ्या कागदाला लागल्या आणि त्याचे कौतुकही झाले. पण कागद हलत नव्हता, ओरडत नव्हता, माझ्या अंगावर चालून येत नव्हता.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, या प्रश्नावर फार अडायचे कारण नाही. पिस्तुलात मॅगझिन बसवणे, वरचा भाग मागे ओढून गोळी नळीत आणणे, खटका सोडणे असे सोपस्कार असतात. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की चकरी फिरते; एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे समोर येते. नवख्या माणसाला रिव्हॉल्व्हर बरे, हे मला पटते. फक्त मागचा घोडा बाहेर डोकावणारा असेल तर तो पर्सच्या अस्तरात अडकू शकतो, आणि ही अडचण टाळ्या मिळवणाऱ्या भाषणात येत नाही.

काडतुसाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. सर्वसाधारण नागरिकाच्या वाट्याला येते ते पॉइंट ३२ किंवा पॉइंट २२. ‘निर्भीक’च्या काडतुसाचा जोर ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी असतो. पॉइंट २२ चे काडतूस तर कडेवर ठोका बसून पेटणारे. मध्यभागी ठोका बसणाऱ्या काडतुसांपेक्षा ते न पेटण्याचा संभव अधिक. अमेरिकेत या सर्व गोष्टींचा खल घरोघर चालतो. तेथे निम्म्याहून अधिक राज्यांत पिस्तूल कपड्यांखाली लपवून बाळगायला आता परवानाही लागत नाही. २०१८ मध्ये तेथे सिग सॉअर कंपनीने ‘पी ३६५’ नावाचे जे पिस्तूल आणले, ते वजनाने आपल्या ‘निर्भीक’इतकेच, पण त्याच्या मॅगझिनमध्ये ९ मिलिमीटरच्या दहा गोळ्या मावतात. त्यात घालायची ती टोकाला पोकळी असलेली गोळी, असा तेथला सर्वमान्य सल्ला. ती शरीरात शिरल्यावर फुलते आणि आतच थांबते, आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला सहसा लागत नाही. गंमत अशी की फुलणारी गोळी जगात कुप्रसिद्ध झाली ती आपल्याच देशातल्या एका गावाच्या नावाने. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात इंग्रजांनी १८९० च्या दशकात तशा गोळ्या बनवल्या, आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेत युद्धात त्या वापरू नयेत असे ठरले. रणांगणावर जी क्रूर ठरली, तीच गर्दीच्या रस्त्यावर शहाणपणाची ठरते. या कोड्यावर आमच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी एक तास जरूर घ्यावा.

पण समजा, हत्यारही उत्तम मिळाले आणि काडतूसही. मग काय होते? ११ एप्रिल १९८६ रोजी मायामी शहरात अमेरिकेच्या एफ.बी.आय.चे आठ शिकलेसवरलेले अधिकारी दोन दरोडेखोरांच्या समोर उभे ठाकले. दोघांपैकी एकाला सुरुवातीलाच ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो माणूस लढतच राहिला. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी. त्यानंतर त्या खात्याने गोळी किती खोल गेली पाहिजे याचे मोजमापच ठरवले, बारा ते अठरा इंच. सिनेमात गोळी लागलेला माणूस उडून मागे पडतो. पिस्तुलाच्या गोळीने तसे होत नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. १९८३ साली सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातील डेनिस ट्युलर या शिक्षकाने मोजून दाखवले की एकवीस फुटांवरचा चाकूवाला साधारण दीड सेकंदात अंगाशी येतो; आणि कमरेचे पिस्तूल काढून झाडायला सरावाच्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. हे कमरेच्या पट्ट्यावरच्या पिस्तुलाचे झाले. आता आपली पिशवी डोळ्यांसमोर आणा. साखळी, आतला कप्पा, डबा, पाण्याची बाटली, ओढणीचे टोक. बसमध्ये कंडक्टरने पास मागितला तर तो सापडेपर्यंत पुढचा थांबा येतो! माझी आई रोजंदारीवर खुरपायला जाते. तिच्या हातात खुरपे असते, आणि ते हातातच असते. एकट्या बांधावरून जाताना तिला धीर वाटतो तो त्यामुळे. ते पिशवीच्या तळाशी असते तर वाटला नसता.

माझा मुख्य मुद्दा येथे आहे. लहान, लपवता येणारे पिस्तूल ज्याच्या हाती वेळ निवडण्याची सत्ता आहे त्याच्या कामाचे असते. महाराष्ट्राच्या इतिहासातली दोन उदाहरणे देते. त्यांना मी एका तराजूत घालत नाही. त्यांच्या हेतूंविषयी नव्हे, केवळ हत्याराविषयी बोलत आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नव्हते; लंडनहून ब्राउनिंग पिस्तुले पेटीत लपवून आली होती. कान्हेरे तेव्हा सतरा वर्षांचे, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. दुसरा प्रसंग ३० जानेवारी १९४८ चा. प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या त्या बेरेटाच्या अशाच छोट्या पिस्तुलातून. दोन्ही ठिकाणी पिस्तूल लहान होते, खिशात मावणारे होते, आणि ते कधी बाहेर काढायचे हे झाडणाऱ्याने आधी ठरवले होते. समोरच्याच्या खिशात पिस्तूल असते तरी काय झाले असते? रात्रीच्या बसमधली मुलगी नेहमी त्या समोरच्याच्या जागी असते.

यावर एक उत्तर देण्यात येते आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. पिस्तूल लपलेले असले की कोणापाशी ते आहे हे गुंडाला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच भितो. एकीच्या पर्समुळे दहाजणी वाचतात. अमेरिकेत जॉन लॉट या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये याच मताचा ग्रंथ लिहिला. परंतु तेथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये सर्व पुरावा तपासून, त्यावरून असा निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले. आपल्याकडे तर हा युक्तिवाद पायातच ढासळतो. लाख-सव्वालाखाची वस्तू शंभरातल्या एकीकडेही नसणार, हे गुंडाला ठाऊक असते.

आणि गुंड म्हणजे तरी कोण? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. घरात काकांच्या पानात भाजी वाढताना कोणी पर्स खांद्याला लावून वावरत नाही. वादविवादाच्या व्यासपीठावर आपण अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसावर गोळ्या झाडून मोकळे होतो, कारण तो सोपा आहे. ओळखीच्या माणसाविषयी बोलायला लागलो असतो तर समोरच्या खुर्च्यांवर टाळ्या पडल्या नसत्या. काहींनी मान खाली घातली असती.

याचा अर्थ मी शस्त्राच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. जिला नाव घेऊन जिवे मारण्याची धमकी आलेली आहे, जी न्यायालयात साक्ष द्यायला उभी राहणार आहे, तिने अर्ज केला तर तो फायलीत पडून राहू नये. बलात्कार करू पाहणाऱ्याला ठार मारण्यापर्यंत स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंडविधानाच्या कलम १०० मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. हा हक्क आमच्यातल्या किती जणींना माहीत आहे? तो वापरायला पिस्तूलच लागते असेही नाही. दगड, कुलूप, कोपर, दात, काहीही चालते, आणि ते शिकवायला जिमखान्याची रिकामी दुपार पुरेशी आहे.

राहता राहिला माझा स्वतःचा प्रश्न. मी एकोणीस वर्षांची. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. १८ व्या वर्षी मला मत मिळाले, पण १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे २१ वर्षे पुरी झाल्याशिवाय हत्याराचा परवाना मिळत नाही. म्हणजे ज्या वयात मुली शिक्षणासाठी घराबाहेर पडतात, बसस्टँडवर उभ्या राहतात, खोली घेऊन राहतात, त्या वयात पर्समधल्या पिस्तुलाचा उपदेश कायद्याने गैरलागू आहे. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एक चांगले वाक्य आहे: अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये. वाचून मला बरे वाटले. मग ‘निर्भीक’ची किंमत आठवली आणि आईची रोजंदारी आठवली. कायद्याने नाकारायची गरजच उरत नाही.

आमच्या गावाचा फाटा मुख्य रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे. संध्याकाळची बस चुकली की पुढची येते ती अंधार पडल्यावर, आणि फाट्यापासून गावापर्यंत विजेचे अकरा खांब आहेत, त्यांपैकी दिवा लागतो तीनवर. गेल्या ग्रामसभेत मी उठून हे सांगितले. बायका मागे बसल्या होत्या, त्यांतल्या दोघींनी ‘खरे आहे’ म्हटले. सभेच्या नोंदवहीत विषय लिहून घेतला गेला आहे, पुढच्या सभेला मी तो पुन्हा विचारणार आहे. बसच्या वेळेचा अर्ज आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या मुलींच्या सह्यांनी तयार आहे. कॉलेजातल्या त्याच मार्गावरच्या मुलींनी वाचनालयाजवळ येऊन सही करावी. वादविवादात अनुकूल बाजूने बोललेल्यांनीही.