रिफ्रेश फिरतोय, फिरतोच आहे!

सध्या सीव्हीवर दोन शब्द हमखास शेजारी-शेजारी दिसतात : पॉवर बीआय आणि पायथन. पॉवर बीआयमध्ये पायथनची स्क्रिप्ट चालवता येते, हे कळलं की भारीच वाटतं. मग तारखा नीट करणं, टेबल जोडणं, नको त्या ओळी काढणं, सगळं त्या एका स्क्रिप्टमध्ये कोंबलं जातं. कॉलेजच्या प्रोजेक्टला हजार ओळींची फाइल असते, त्यामुळे चालून जातं. नोकरीत तीच स्क्रिप्ट काही लाख ओळींवर चालते आणि रिफ्रेशचं चक्र फिरत बसतं. दोष कुणाला? लॅपटॉपला, वायफायला, नाहीतर बिचाऱ्या पायथनला.

माझ्या मते दोष बहुतेक वेळा जागेचा असतो. काम चुकीच्या ठिकाणी चाललेलं असतं.

समजा, डेटाबेसमधून फक्त या महिन्याची विक्री हवी आहे. पॉवर क्वेरीत साधा फिल्टर लावला, तर तो बऱ्याचदा थेट डेटाबेसकडे पाठवला जातो आणि तेवढ्याच ओळी आपल्याकडे येतात. याला क्वेरी फोल्डिंग म्हणतात. स्क्रिप्टची पायरी आली की तिथून पुढे ही सोय संपते. फिल्टर स्क्रिप्टच्या आत किंवा नंतर असेल, तर आधी सगळा डेटा मशीनवर येणार, पायथनच्या हवाली होणार आणि मग परत येणार. मेथीच्या दोन जुड्यांसाठी मंडईतली अख्खी गाडी घरी उतरवून घेतल्यासारखं!

त्यात मर्यादा आहेतच. स्क्रिप्ट ३० मिनिटांपेक्षा जास्त चालली तर टाइमआउट. रिपोर्ट ऑनलाइन आपोआप ताजा ठेवायचा, तर पर्सनल मोडचा गेटवे लागतो. तो ज्या कॉम्प्युटरवर आहे तो बंद झाला की रिफ्रेशही बंद. प्रो लायसन्सवर दिवसाला शेड्यूल केलेले रिफ्रेश मिळतात ८. त्यातले दोन-तीन फसले की सकाळचा आकडा संध्याकाळीही तसाच. दुकानातला माल संपलेला असतो, रिपोर्ट मात्र ‘शिल्लक आहे’ म्हणतो आणि कुणीतरी त्यावर विसंबून ऑर्डर घेतो. म्हणून रिपोर्टवर शेवटच्या रिफ्रेशची वेळ ठळक दिसलीच पाहिजे. आकड्यासोबत तारीख द्या, हे आम्हा मास कॉमवाल्यांना शिकवतात. डॅशबोर्डवाल्यांनाही ते लागू आहे.

मग स्क्रिप्ट शिकायचीच नाही का? शिका की! ग्राहकांच्या हजारो प्रतिक्रियांची वर्गवारी करायची, विक्रीचा अंदाज बांधायचा, तर पायथन हवंच. पण ती स्क्रिप्ट रात्री वेगळी चालवा, तयार टेबल डेटाबेसमध्ये ठेवा आणि रिपोर्टला फक्त ते वाचू द्या. हे जमत नसेल, तर निदान फिल्टर स्क्रिप्टच्या आधी लावा आणि नको असलेले कॉलम तिथेच उडवा. मागच्या पाच वर्षांचा न बदलणारा हिशोब रोज नव्याने कशाला करायचा?

क्लासवाले हे फारसं सांगत नाहीत, कारण छोट्या फाइलवर सगळंच पळतं. कॉलेजांनी एकदा तरी मुलांना दहा-वीस लाख ओळींची फाइल द्यावी आणि व्हायवात विचारावं, ‘हे काम तू इथेच का केलंस?’ इंटरव्ह्यूच्या आधी हा प्रश्न वर्गात ऐकलेला बरा.